विलापाला आकार : महामारीच्या काळातील निर्मिती आणि मंडळीचे कर्तव्य

महामारी ही केवळ शरीरावर येणारी आपत्ती नव्हे. ती माणसामाणसांतील संबंधांवरही घाला घालते. दुष्काळात गाव एकत्र येऊन विहीर खणते, महापुरात शेजारी शेजाऱ्याला हात देतो. परंतु साथीच्या रोगात ज्या हाताने धीर द्यावयाचा, त्याच हाताचे भय वाटू लागते. कोविड-१९ च्या साथीत आपण सर्वांनी हे अनुभवले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार, १० एप्रिल, आणि पुनरुत्थानाचा सण, १२ एप्रिल, हे दोन्ही दिवस बंद उपासनामंदिरांच्या दाराबाहेरूनच निघून गेले. पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत पुष्कळ कुटुंबांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही घडले नाही; मूठभर माती घालण्याचे काम अपरिचित हातांनी उरकले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु शोक काही जाहीरनाम्याने संपत नसतो.

त्या दिवसांत अनेकांनी काही ना काही निर्माण केले. कोणी गीते रचली, कोणी चित्रे काढली, कोणी वही लिहिली, कोणी जुन्या कापडाच्या चिंध्यांतून गोधडी शिवली. या गोष्टींकडे आपण पाळक व धर्मशिक्षक बहुधा वेळ घालविण्याचे निरुपद्रवी साधन म्हणून पाहतो. प्रार्थना, वचन, संस्कार व सेवा ही मंडळीची खरी कामे, आणि गीत-चित्र ही त्यांची शोभा, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपत्तीच्या काळात मनुष्य जेव्हा दुःखाला आकार देतो, तेव्हा तो विश्वासाचेच एक कृत्य करीत असतो, आणि असा आकार लाभलेले दुःखच इतरांबरोबर वाटून घेता येते, हे येथे दाखवावयाचे आहे.

१. विलापगीताची रचना

विलापगीत या पुस्तकाची पार्श्वभूमी आपणास परिचित आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जिंकले, मंदिर जाळले व लोकांना बंदिवासात नेले. ही आपत्ती साथीची नव्हे, वेढ्याची व उपासमारीची होती. तथापि तिचे वर्णन वाचताना साथीचे दिवस आठवल्यावाचून राहत नाहीत. पहिल्याच वचनात ओस पडलेल्या नगरीचे एकाकी बसलेल्या विधवेच्या रूपात चित्र आहे, आणि तिचे सांत्वन करावयास कोणी उरले नाही ही खंत पहिल्या अध्यायात पुनःपुन्हा येते.

या पुस्तकाचे एक वैशिष्ट्य मात्र भाषांतरात लोपून जाते. मराठी वाचकाला त्याची केवळ एक खूण दिसते, ती वचनांच्या संख्येत. धर्मशिक्षकांनी पाचही अध्यायांची वचने मोजून पाहावीत. पहिल्यात २२, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात ६६, चौथ्यात २२ आणि पाचव्यात २२. इब्री वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या अध्यायांत प्रत्येक वचन क्रमाने एकेका अक्षराने सुरू होते. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन-तीन वचने दिली आहेत. आपल्याकडे एखाद्याने ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत मुळाक्षरांच्या क्रमाने शोकगीत बांधावे, तसाच हा प्रकार आहे.

ज्याचे नगर जळाले, ज्याने मुलांना भुकेने मरताना पाहिले, त्याला अक्षरांचा हा खटाटोप कशासाठी सुचावा? दुःख खरे असेल तर ते मोकळेपणाने ओसंडावे, त्याला छंदाचे व क्रमाचे बंधन कशाला, असे आपणास वाटणे साहजिक आहे. परंतु असह्य दुःखाचा स्वभावच असा की त्याला आरंभ व शेवट दिसत नाही. रात्री अंथरुणावर पडलेल्या शोकग्रस्ताचे मन त्याच त्या ठिकाणी फेऱ्या घालीत राहते. वर्णमालेला मात्र पहिले अक्षर आहे आणि शेवटचेही आहे. कवीने आपला आक्रोश तीमध्ये ओवला, तेव्हा त्याने दोन गोष्टी साधल्या. एक अशी की, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सांगण्यासारखे जे जे होते ते सर्व त्याने सांगितले. काही झाकून ठेवले नाही, देवाविरुद्धची तक्रारसुद्धा नाही. दुसरी अशी की, ज्या दुःखाला सीमा नव्हती त्याला त्याने सीमा घातली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्णमालेचा हाच साचा इतरत्रही आढळतो : नियमशास्त्राचे माहात्म्य गाणाऱ्या ११९ व्या स्तोत्रात, स्तवनाच्या १४५ व्या स्तोत्रात आणि नीतिसूत्रांच्या शेवटी येणाऱ्या सद्गुणी स्त्रीच्या वर्णनात. म्हणजे ज्या साच्यात स्तुती व उपदेश ओतला जाई, त्याच साच्यात विलापगीताच्या कवीने रुदन ओतले. स्तवनाची भाषा जळून गेली नाही, ती अजून वापरता येते, हे त्याने शब्दांत सांगितले नाही, रचनेने दाखविले.

आशेचा उच्चार कोठे येतो तेही पाहावे. तो आरंभी नाही, शेवटीही नाही. तो तिसऱ्या अध्यायाच्या पोटात, एकविसाव्या वचनापासून येतो, आणि परमेश्वराची दया दररोज सकाळी नव्याने प्रत्ययास येते अशा आशयाची सुप्रसिद्ध वचने तेथे आहेत. त्यांच्या आधीही अंधार आहे, नंतरही अंधार आहे. पाचव्या अध्यायात तर वर्णमालेचा क्रमही सुटतो. केवळ २२ ही संख्या उरते, आणि पुस्तक एका अनुत्तरित प्रश्नापाशी थांबते. म्हणून विलापगीत हे सांत्वनाचे सोपे पुस्तक नव्हे. रचना दुःखाचे निवारण करीत नाही. ती दुःखी माणसाला देवासमोर उभे राहण्यापुरता आधार देते. पाळकीय सेवेच्या दृष्टीने हे अंतर फार महत्त्वाचे आहे.

२. उन्ना येथील पाळक

विलापगीताच्या या धड्याचे एक स्पष्ट उदाहरण मंडळीच्या इतिहासात सापडते. जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतात उन्ना नावाचे गाव आहे. फिलिप निकोलाय (१५५६-१६०८) हा लूथरपंथी पाळक १५९६ साली तेथे सेवेस आला. दुसऱ्याच वर्षी, १५९७ च्या उन्हाळ्यात, तेथे प्लेगचा उद्भव झाला आणि पुढील हिवाळ्यापर्यंत सुमारे १,३०० माणसे दगावली. काही दिवशी तर तीस-तीस दफने होत. पाळकाच्या घराची खिडकी दफनभूमीकडे उघडत असे. प्रेतांना मूठमाती देणे हेच त्याचे नित्यकर्म होऊन बसले.

निकोलाय हा तोवर प्रसिद्ध होता तो कडव्या वादपटुत्वाबद्दल. कॅल्विनपंथीयांविरुद्ध त्याने अत्यंत तिखट ग्रंथ लिहिले होते. प्लेगच्या त्या महिन्यांत मात्र त्याने वेगळेच लेखन हाती घेतले. शाश्वत जीवनाविषयी शास्त्रात जे सांगितले आहे त्याचा तो रात्रंदिवस शोध घेऊ लागला. त्याच्या जोडीला त्याने संत ऑगस्टिनच्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचे वाचन केले. आपले चिंतन तो रोज उतरवून ठेवी. त्यातून जे पुस्तक सिद्ध झाले त्याच्या नावाचा अर्थ ‘शाश्वत जीवनाचा आनंद-दर्पण’ असा होतो. १५९९ साली ते फ्रँकफुर्ट येथे छापले गेले.

या लेखनामागील हेतू त्याने प्रस्तावनेत सांगितला आहे. त्याचा आशय असा की, देवाने आपणास या साथीत नेले तर आपण शांतीने व ख्रिस्तावरील विश्वासाने गेलो याची साक्ष म्हणून हे लेखन मागे राहावे. आणि देवाने वाचविले तर अशाच संकटात सापडलेल्या इतरांच्या सांत्वनासाठी ते उपयोगी पडावे. हा हेतू बारकाईने पाहण्यासारखा आहे. स्वतःचे मन रमविण्यासाठी लिहितो असे तो म्हणत नाही. मेलो तरी आणि जगलो तरी हे लेखन कोणा दुसऱ्याच्या हाती पडावयाचे आहे, हे गृहीत धरूनच तो लिहितो. खिडकीबाहेर थडगी वाढत असताना तो आपल्या वाचकांशी नाते जोडीत होता.

पुस्तकाच्या शेवटी त्याने काही गीते जोडली. त्यांतील दोन गीते जगभर पोहोचली. एकात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींचा दाखला आहे. मध्यरात्री तटावरील पहारेकरी हाक देतात, वर येत आहे, दिवे घेऊन उठा; आणि शेवटच्या कडव्यात प्रकटीकरणातील मोत्यांच्या वेशींचे नगर दिसते. दुसऱ्यात पंचेचाळिसाव्या स्तोत्राच्या आधाराने ख्रिस्ताला प्रभाततारा व वर म्हणून आळविले आहे. प्लेगच्या गावात मध्यरात्रीची हाक ही मृत्यूचीच हाक असणार. निकोलायने ती नाकारली नाही. मध्यरात्र मध्यरात्रच ठेवली. परंतु त्या हाकेचा अर्थ त्याने शास्त्राच्या आधारे पालटला. ती दफनाची नव्हे, विवाहोत्सवाची हाक झाली.

या गीतांतही अक्षरांची एक गुंफण दडलेली आहे. प्रभाततारा-गीताच्या सात कडव्यांची आद्याक्षरे क्रमाने घेतली असता वाल्डेकचा काउंट व अधिपती विल्हेल्म एर्न्स्ट याच्या नावाची व पदवीची आद्याक्षरे मिळतात. हा तरुण निकोलायचा विद्यार्थी होता. पहारेकऱ्यांच्या गीताच्या तीन कडव्यांत त्याच पदवीची आद्याक्षरे उलट्या क्रमाने आली आहेत. हा मुलगा १५९८ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी मरण पावला. पुस्तक छापून आले तेव्हा तो हयात नव्हता. पण ते गीत गाणारी प्रत्येक मंडळी, तिला ठाऊक असो वा नसो, त्याचे नाव आद्याक्षरांनी उच्चारीत आली आहे.

निकोलायच्या हालअपेष्टा साथीबरोबर संपल्या नाहीत. १५९८ च्या अखेरीस स्पॅनिश सैन्य आल्यामुळे त्याला गाव सोडून पळावे लागले. पुढे १६०१ मध्ये तो हॅम्बुर्ग येथे पाळक झाला व तेथेच वारला. योहान सेबास्टियन बाख याने १७२५ साली प्रभाततारा-गीतावर आणि १७३१ साली पहारेकऱ्यांच्या गीतावर उपासनेसाठी संगीतरचना केल्या. आज ही गीते कॅल्विनपरंपरेतील मंडळ्याही गातात, आणि जर्मन भाषिक कॅथलिकांच्या अधिकृत गीतसंग्रहातही ती समाविष्ट आहेत. निकोलायचे वादग्रंथ कपाटात राहिले. ज्यांच्याशी त्याने वाद घातला त्यांच्याच ओठांवर त्याची गीते गेली. दुःखातून घडलेली निर्मिती किती भिंती ओलांडते याचा हा पुरावाच होय.

३. भिंतींपलीकडे जाणारे गीत

निर्मितीचे दुसरे कार्य म्हणजे तुटलेल्यांना जोडणे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील तुरुंगाची हकिकत आहे. पौल व सीला यांचे पाय खोड्यात अडकविलेले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करून देवाची गीते गात होते. त्यानंतर लूकाने एक लहानसा तपशील दिला आहे, जो आपण भूकंपाच्या घाईत वगळतो : इतर बंदिवान ते ऐकत होते. बेड्या तुटण्यापूर्वीच गीत त्या कोठड्यांतून फिरून आले होते. याच पौलाने पुढे बंदिवासातून फिलिप्पैकरांस पत्र लिहिले, आणि त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या नम्रतेचे व गौरवाचे जे वर्णन आहे, ते आद्य मंडळीचे स्तोत्र असावे असे अनेक अभ्यासक मानतात. भेट होऊ शकत नव्हती म्हणून पत्र लिहावे लागले, आणि आज नव्या कराराचा मोठा भाग त्या विरहाचेच फळ आहे.

मिलान नगरात १५७६-७७ साली प्लेग झाला तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांच्यापुढे हाच प्रश्न होता. साथीच्या आरंभी त्यांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या; गर्दीमुळे रोग फैलावेल ही नगराच्या आरोग्याधिकाऱ्यांची चिंता होती. पुढे नागरिकांना घरांतच राहण्याचा हुकूम झाला. तेव्हा बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारविल्या. लोक आपापल्या खिडक्यांतून उपासनेत सहभागी होऊ लागले. घरी म्हणावयाच्या प्रार्थना व गीते छापून वाटण्यात आली. ठरलेल्या वेळी घंटा वाजे, आणि लोक खिडक्यांत व दारांत उभे राहून एका बाजूने चरण, दुसऱ्या बाजूने प्रतिसाद अशा रीतीने गात. रात्रंदिवस मिळून सात वेळा हा क्रम चाले. सारे नगर गात असल्याचा अनुभव त्या काळी तेथे असलेल्या एका येशूसंघीयाने लिहून ठेवला आहे.

या व्यवस्थेत एक सूक्ष्म गोष्ट आहे. प्रतिसादाचे गीत एकट्याने पूर्ण होत नाही. समोरच्या घरातून आवाज आला तरच पुढचा चरण म्हणता येतो. आणि आवाज आला याचा अर्थ, त्या घरातील माणूस आज जिवंत आहे. स्पर्श न करता व आरोग्याचा नियम न मोडता शेजाऱ्याची विचारपूस करण्याचा तो एक मार्ग झाला.

आपल्या भूमीवरही अशा निर्मितीच्या खुणा आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. त्या वर्षांत मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांनी, विशेषतः वांद्र्यासारख्या भागांत, रस्त्यांच्या कडेला व वाडीच्या तोंडाशी क्रूस उभारले. साथीपासून रक्षणाची याचना, आणि साथ ओसरल्यावर आभार, अशा दोन्ही भावना त्यांमागे होत्या. त्यांतले कित्येक आजही उभे आहेत, आणि त्यांच्यापाशी शेजारपाजारचे लोक प्रार्थनेस जमतात. ज्यांनी ते उभारले त्यांची नावे बहुतेक विसरली गेली. त्यांनी निर्माण केलेली एकत्र येण्याची जागा उरली.

४. दोन सावधगिऱ्या

येथवरच्या विवेचनाचा विपर्यास होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, निर्मिती हा शोकग्रस्तावर लादावयाचा धडा नाही. ईयोबाचे मित्र आले तेव्हा प्रथम सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसले. त्यांनी केलेले योग्य काम ते हेच. ते बोलू लागले आणि चुकले. ज्या मातेचे मूल गेले तिला वही व लेखणी देऊन गीत रचावयास सांगणे हे निष्ठुरपणाचे ठरेल. कोणी दुसऱ्याने रचलेले गीत तिच्याजवळ बसून म्हणणे, ती रडेल तर थांबणे, हेही पुरेसे आहे. मंडळीत एकाने निर्माण करावे आणि दुसऱ्याने त्यात विसावा घ्यावा, हा कृपादानांचा नियमच आहे.

दुसरी गोष्ट अशी की, कला ही औषधोपचाराची व अन्नाची जागा घेऊ शकत नाही. याफो येथील दुर्कस मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत तिने केलेले अंगरखे व वस्त्रे पेत्राला दाखविली (प्रेषितांची कृत्ये ९). तिच्या हातच्या कामात कौशल्य व दया ही वेगळी नव्हती. वस्त्र उबेसाठी होते आणि तेच तिचे स्मारकही झाले. निर्गम पुस्तकात बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केल्याचे सांगितले आहे (निर्गम ३१). हातांच्या कुशलतेला पवित्र आत्म्याचे दान मानणारे शास्त्र आपणास लाभले आहे. म्हणून गोधडी व गीत, शिधा व स्तोत्र यांची आपण फारकत करू नये.

५. आपल्या मंडळ्यांपुढील काम

आता व्यवहाराकडे वळू. साथ ओसरून काही वर्षे लोटली. पण आपल्या मंडळ्यांत न झालेल्या शोकाची बाकी अजून आहे. त्या दोन वर्षांत ज्यांचे दफन घाईने झाले, ज्यांच्यासाठी स्मरणोपासना झालीच नाही, अशी नावे प्रत्येक पाळकाच्या नोंदवहीत असतील. घरच्यांनी त्याविषयी बोलणे सोडले असेल. न बोलणे म्हणजे विसरणे नव्हे. पुढील चार गोष्टी कोणत्याही लहान मंडळीला करता येण्याजोग्या आहेत.

पहिली : नोंदवही काढून ती नावे एकत्र लिहावीत आणि सर्व संतांच्या दिवशी, अथवा वर्षातील दुसऱ्या एखाद्या योग्य प्रभुवारी, ती उपासनेत मोठ्याने वाचावीत. महिलामंडळाने वेदीच्या वस्त्रावर ती नावे भरतकामाने उतरविली, तर प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी ती मंडळी त्या नावांसह मेजाभोवती जमेल.

दुसरी : धर्मशिक्षणाच्या वर्गात विलापगीत शिकविताना मुलांकडून मुळाक्षरांच्या क्रमाने सामुदायिक विलाप रचून घ्यावा. प्रत्येकाला एक अक्षर द्यावे. त्या अक्षराने आरंभ होणारी एक ओळ त्याने घरच्यांना विचारून आणावी. बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या मुलांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू वा इंग्रजीतून होते. मराठी त्यांच्यापाशी घरातली बोलण्याची भाषा म्हणून उरते. अशा मुलाला एका ओळीसाठी आजीपाशी बसावे लागेल. तेथे तो अक्षर शोधेल, आणि आजोबा कसे गेले हे आजी कदाचित प्रथमच सांगेल.

तिसरी : ओवी, अभंग, भजन व कीर्तन हे आपल्या हाताशी असलेले प्रकार वापरावेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, त्याची पहिली छपाई १६१६ सालची. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाला आपल्या उपासनेत स्थान मिळवून दिले. ओवी जात्यावर एकटीला म्हणता येते आणि दोघींना मिळूनही; भजनात एकाने म्हणावे आणि इतरांनी झेलावे अशी रीत आहे. मिलानच्या खिडक्यांतून जे झाले ते आपल्या भजनाच्या घडणीतच आहे. विलापाची भजने मात्र आपल्या संग्रहांत थोडी आहेत. ही उणीव भरून काढणे हे आपल्या पिढीच्या गीतकारांचे काम आहे.

चौथी : अंथरुणाला खिळलेल्या व वृद्ध सभासदांना हाताने लिहिलेले पत्र पाठविण्याची प्रथा चालू ठेवावी. टाळेबंदीत दूरध्वनीने मोठा आधार दिला हे खरे. परंतु पत्र उशाशी ठेवता येते, पुन्हा काढून वाचता येते.

या चारही गोष्टींसाठी मोठा खर्च लागत नाही, आणि कलावंत असण्याचीही गरज नाही. नावे जपणे, वेळ देणे आणि एकमेकांची वाट पाहणे एवढेच लागते. पुन्हा साथ येणार नाही असे आश्वासन आपणास कोठेही मिळालेले नाही. ती येईल तेव्हा दारे पुन्हा बंद होतील. त्या वेळी लोकांच्या ओठांवर कोणते गीत असावे, कोणाचा आवाज ऐकून शेजाऱ्याने पुढचा चरण घ्यावा, याची तयारी आताच, दारे उघडी असताना करावयाची आहे. ज्या प्रभूने वधस्तंभावर असतानाही स्तोत्रकाराच्या विलापात आपला आक्रोश मिसळला, तो आपल्या शोकाला शब्द देवो, आणि त्या शब्दांनी आपणास एकमेकांशी जोडो.